फोन झोपतो आणि उठतच नाही? दुकानात नेण्याआधी त्याला दुसऱ्या फोनवरून रिंग द्या

कोलाड (ता. रोहा) : रात्री उशाशी ठेवलेला फोन सकाळी हातात घ्यावा, बटण दाबावं, तर पडदा काळाच. रात्री बॅटरी साठ टक्के होती, फोन कुठे पडला नाही, भिजला नाही. कितीही दाबलं तरी उजेड नाही. मग कधी पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतो, नाहीतर आंबेवाडी नाक्यावर मोबाईलवाल्याकडे नेला की तो बटण धरून ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात चालू करून हातात देतो. दोन दिवस बरा जातो, तिसऱ्या दिवशी परत तेच.

ही तक्रार गावागावात आहे आणि तिच्यावर उपायही गावागावात वेगवेगळे सांगतात. कोणी म्हणतो व्हायरस आहे, कोणी म्हणतो डिस्प्ले गेला, कोणी म्हणतो फोन जुना झाला, नवीन घ्या. खरं तर 'फोन स्टँडबायला हँग होतो' या एकाच वाक्याखाली तीन-चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. एकाला खर्च लागतो, दुसऱ्याला फुटकी कवडी लागत नाही. कोणता बिघाड आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं.

फोन हातात असताना अडकला तर डोळ्यांदेखत कळतं. पडदा बंद असताना अडकला तर तासन्‌तास पत्ताच लागत नाही. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आलेला असतो, धाटावच्या पहिल्या पाळीचा गजर वाजायचा राहून जातो, नाहीतर पावसाळ्यात नदीचं पाणी वाढल्याचा निरोप येऊन गेलेला असतो. म्हणून हा बिघाड अंगावर काढू नये.

रिंग दिली की काय कळतं?

पडदा काळा दिसला की लगेच बटणांशी झटापट करू नका. आधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यावर फोन लावा आणि दोन्ही फोन जवळ ठेवून नीट ऐका.

पहिला प्रकार. फोन वाजतो, थरथरतो, पण पडदा काळाच राहतो. म्हणजे फोन जिवंत आहे, फक्त पडदा उठत नाही.

दुसरा प्रकार. फोन वाजतो, पडदाही लागतो, सगळं व्यवस्थित. पण रात्रभरात आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज फोन उघडल्यावर एकदम धडाधड पडतात. इथे फोन हँग झालेलाच नव्हता. त्यानं बॅटरी वाचवायला अ‍ॅपना झोपवून ठेवलं होतं.

तिसरा प्रकार. तुमच्या कानाला रिंग ऐकू येते, पण तो फोन मात्र गप्प. सायलेंटवर किंवा 'डू नॉट डिस्टर्ब'वर नसेल, तर हा खरा हँग. फोनमध्ये टॉवरशी बोलणारा भाग वेगळा असतो आणि पडदा, आवाज, अ‍ॅप चालवणारा भाग वेगळा. पहिला जागा राहिला आणि दुसरा अडकला की असं होतं. फोन करणाऱ्याला वाटतं, हा मुद्दाम उचलत नाही. यावरून घरात भांडणंही होतात!

चौथा प्रकार. 'बंद आहे' किंवा 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' असं ऐकू येतं. मग एकतर फोन पूर्ण अडकलाय, बॅटरीनं मान टाकलीय, नाहीतर रेंजच नाही. भिऱ्याकडे, सुतारवाडीकडे डोंगराच्या कुशीत हे नेहमीचं. रेंजचा संशय असेल तर नाक्यावर येऊन पुन्हा बघा. आणखी एक, सिम जिओचं असेल आणि कोणी सेटिंगमध्ये नेटवर्क '३जी'वर करून ठेवलं असेल, तर फोन कधीच लागणार नाही, कारण त्या कंपनीचं २जी-३जी नेटवर्कच नाही.

अडकलेला फोन उठवायचा कसा?

पूर्वी मागचं झाकण उघडून बॅटरी काढली की काम व्हायचं. आता बॅटरी आतच चिकटवलेली असते, त्यामुळे बटणांवरच भागवावं लागतं. आधी एक-दोन मिनिटं थांबा. अँड्रॉइड फोनच्या आत एक राखणदार असतो, मुख्य कारभार साधारण मिनिटभर ठप्प दिसला की तो स्वतःच कारभार पुन्हा सुरू करतो. आपण तेवढ्यात पन्नास वेळा बटण दाबलं तर उपयोग शून्य.

थांबूनही उठला नाही तर पॉवरचं बटण १५ ते २० सेकंद सलग दाबून धरा. रेडमीसारख्या बऱ्याच फोनना एवढं पुरतं. सॅमसंगमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही एकत्र धरायची, साधारण दहा सेकंद. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये नुसत्या पॉवरनं काम झालं नाही तर सोबत आवाजाचं एक बटण धरून बघा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडा, कमी करायचं एकदा दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा.

यानं फोटो, नंबर, मेसेज काही जात नाही. पण चुकून काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची यादी आली, तर घाबरू नका आणि हौसही करू नका. आवाजाच्या बटणानं 'रिबूट सिस्टम नाऊ' या ओळीवर जा आणि पॉवर दाबा. त्याच यादीत 'वाइप डेटा' नावाची ओळ असते. तिला हात लावलात तर फोन कोरा होईल.

बटण सलग धरायचं, भराभर ठोकायचं नाही, यालाही कारण आहे. आपल्याकडच्या फोनमध्ये संकटकाळासाठी सोय दिलेली असते. पॉवरचं बटण पटापट तीन वेळा, काही फोनमध्ये पाच वेळा दाबलं की ११२ ला फोन लागू शकतो. वैतागून बटण ठोकणाऱ्यांचे असे फोन पोलिसांच्या कंट्रोल रूमला जातात. लागलाच तर कट करून पळू नका, 'चुकून लागला' एवढं सांगा.

बटणांना काहीच दाद दिली नाही तर चार्जरला लावून अर्धा तास सोडून द्या, मग पुन्हा करा. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पहिली काही मिनिटं पडद्यावर काहीच दाखवत नाही.

आणि फोन सुरू झाल्यावर लगेच पिन टाकून एकदा उघडा. रिस्टार्ट झालेला फोन जोवर पहिल्यांदा उघडत नाही, तोवर त्याची आतली माहिती कुलूपबंद असते. फोन येतो, पण नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. रात्री फोन आपोआप बंद होऊन सुरू झाला असेल तर सकाळपर्यंत मेसेज न येण्याचं हेच कारण असतं.

फक्त पडदा उठत नसेल तर

पडद्याच्या वरच्या कडेला, कान टेकतो तिथे, एक बारीक सेन्सर असतो. फोन कानाला लावला की तो पडदा विझवतो. त्यावर जाड टेम्पर्ड ग्लास आली, ग्लासच्या फटीत माती-तेल बसलं किंवा कव्हरची कड सरकली, की फोनला वाटतं तो कायम कानालाच लावलेला आहे. मग पडदा उजळत नाही. कव्हर काढा, कोरड्या मऊ फडक्यानं वरची पट्टी पुसा. ग्लास काढून दोन दिवस बघा. झाकणाचं, लोहचुंबक असलेलं पाकीट-कव्हर असेल तर तेही बाजूला ठेवा. खिशात पडदा लागू नये म्हणून काही फोनमध्ये 'पॉकेट मोड' असतो, तोही याच सेन्सरवर चालतो.

तरी पडदा काळा असेल तर अंधारात दुसऱ्या फोनची बॅटरी तिरपी मारून बघा. पुसट आकडे, चिन्हं दिसली तर चित्र येतंय, मागचा दिवा गेलाय. मग मात्र दुकान गाठावं लागेल.

लावणीच्या दिवसांत एक वेगळाच प्रकार होतो. ओल्या, चिखलाच्या बोटानं पडद्याला हात लावला की तो काही ओळखतच नाही, बोटाच्या ठशानं उघडायचा फोन तर मुळीच उघडत नाही. लोक त्यालाही हँग म्हणतात. हात आणि पडदा कोरडा करा, पिन टाका, बस्स.

फोन बरा आहे, अ‍ॅप झोपलेत

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण 'हँग'च्या बऱ्याच तक्रारी इथल्या असतात आणि यात कोणाचाच एक रुपया खर्च व्हायला नको.

अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोनला गाढ झोप लावायची सोय आली. फोन चार्जरला नाही, हलत नाही, पडदा बंद आहे, असं काही वेळ चाललं की तो अ‍ॅपचं इंटरनेट तोडतो. मधूनमधून थोडा वेळ जागा होतो, साचलेली कामं उरकतो, पुन्हा झोपतो. साधा कॉल आणि घड्याळाचा गजर यातून वगळलेले असतात. २०१८ मध्ये नवव्या आवृत्तीत यावर आणखी एक चाळणी आली, जे अ‍ॅप तुम्ही कमी उघडता त्याला कमी संधी.

इथपर्यंत ठीक होतं. पण 'आमच्या फोनची बॅटरी दोन दिवस चालते' हे दाखवायच्या शर्यतीत कंपन्यांनी याच्यावर स्वतःची जास्त कडक बंधनं घातली. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, सॅमसंग, सगळ्यांची तऱ्हा वेगळी आणि सेटिंगची नावंही वेगळी. बॅटरी टिकते हे खरं, पण ज्या अ‍ॅपनं रात्री दोन वाजता आपल्याला उठवायचं असतं तेच झोपवलं जातं.

आपल्या भागात याचा फटका कुठे बसतो ते बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप केलं आहे. तुम्ही कुठे उभे आहात ते बघून आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सावध करतं. जून-ऑक्टोबरला शेतात असणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते असायलाच हवं. पण ते पावसाळ्यात टाकतात आणि दिवाळीनंतर कोणी उघडत नाही. काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतो. पुढच्या जूनमध्ये अ‍ॅप फोनमध्ये दिसतं, चिन्ह जागेवर असतं, पण त्याला तुमचं ठिकाणच कळत नाही. ढग गडगडतात आणि फोन गप्प.

म्हणून मृगाच्या आधी एक दिवस काढून एवढं करा. सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स'मध्ये जा, दामिनी उघडा, लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या. 'वापर नसल्यास परवानग्या काढा' अशा अर्थाचं जे बटण असेल ते बंद करा. मग त्याच पानावर 'बॅटरी'त जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. रेडमीत सोबत 'ऑटोस्टार्ट' चालू करावं लागतं. ओप्पो-रिअलमीत 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी' ही दोन बटणं असतात. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानात 'स्लीपिंग अ‍ॅप्स' आणि 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स' अशा याद्या मिळतील. त्यात आपलं अ‍ॅप असेल तर काढा आणि 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये टाका. व्हॉट्सअ‍ॅपलाही तसंच. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीसपाटील यांची कामंच आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतात, त्यांनी तर हे आजच करावं.

सगळ्याच अ‍ॅपना अशी सूट देऊ नका. दिली की बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरणार नाही. तीन-चार कामाची अ‍ॅप, बाकीची झोपू देत.

सवयीही आड येतात. चौकोनी बटण दाबून सगळी अ‍ॅप वर सरकवून पुसायची सवय अनेकांना आहे, 'रॅम मोकळी होते' म्हणून. काही फोनमध्ये असं पुसलेलं अ‍ॅप पूर्ण बंदच होतं आणि तुम्ही उघडेपर्यंत त्याचा एकही मेसेज येत नाही. रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांना तर मेसेज सकाळीच मिळणार, त्यात फोनचा काय दोष? गजराचंही तसंच. फोनसोबत आलेल्या घड्याळातला गजर लावा. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या गजराच्या अ‍ॅपवर पाळीची वेळ सोडू नका.

खरा हँग : कारण शोधायचं कसं?

आता तिसरा प्रकार, फोन खरंच अडकतो. हे नेमकं झोपताना-उठतानाच का होतं? पडदा, कॅमेरा, वायफाय, बोटाचा ठसा ओळखणारा भाग, मेमरी कार्ड, या सगळ्यांना फोन एकामागून एक झोपवतो आणि क्रमानं उठवतो. त्यातल्या एकानं उठायला नकार दिला की बाकीचे ताटकळतात. रोह्याहून पुढे कोकण रेल्वेची एकेरी लाईन होती तेव्हाचं आठवा. समोरून एक गाडी लेट झाली की तिच्यासाठी दुसरी कोलाडला उभी. २०२१ मध्ये रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला आणि आपला त्रास कमी झाला. फोनला मात्र ती सोय नाही, एक अडकला की सगळेच अडकतात.

पहिला संशयित भरलेली स्टोरेज. सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडा. ६४ जीबीपैकी ६२ भरलेले दिसले तर पुढचं वाचायच्या आधी तेवढं रिकामं करा. फोनला स्वतःच्या कामासाठी मोकळी जागा लागते, दहा-पंधरा टक्के तरी रिकामी ठेवावी. भरतं कशानं हे सांगायला नको. गणपतीच्या आरत्या, शुभ सकाळ, लग्नाचे व्हिडिओ, आणि तेच व्हिडिओ पाच ग्रुपवरून पाच वेळा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', तिथे 'मॅनेज स्टोरेज'. मोठ्या फायली आधी दिसतात, त्या काढा. मग त्याच पानावरचं आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्यात पुन्हा तेच. दुकानात 'चार जीबी रॅम, आणखी चार वाढवता येते' असं सांगतात ती वाढीव रॅम याच स्टोरेजमधून कापून दिलेली असते. स्टोरेज भरलेल्या फोनला तिचा काहीच आधार नाही.

दुसरा संशयित मेमरी कार्ड. रस्त्यावर स्वस्तात घेतलेलं, नाहीतर जुन्या फोनमधून काढलेलं कार्ड हळूहळू मरतं आणि मरताना फोनला लटकवून ठेवतं. फोन बंद करा, कार्ड काढा, दोन दिवस कार्डाशिवाय चालवा. त्रास थांबला तर चोर सापडला. त्यातले फोटो लगेच दुसरीकडे उतरवून घ्या, अशा कार्डाचा भरवसा नसतो.

तिसरा, लॉक स्क्रीन. दर वेळी बटण दाबलं की नवा फोटो, नवी बातमी दाखवायची सोय बऱ्याच स्वस्त फोनमध्ये आधीपासून चालू असते. कमी रॅमच्या फोनला उठतानाच हे ओझं. बंद करा. हलतं वॉलपेपर असेल तर साधं लावा. आणि 'फोन क्लीनर', 'रॅम बूस्टर', 'बॅटरी डॉक्टर' असल्या नावाची जी अ‍ॅप असतील ती सरळ काढून टाका. फोनला ती काडीचा उपयोग करत नाहीत, जाहिराती मात्र दाखवतात.

कोणतं अ‍ॅप छळतंय हे समजत नसेल तर 'सेफ मोड' वापरा. पॉवरचं बटण दाबून पडद्यावर 'पॉवर ऑफ' आलं की त्याच चिन्हावर बोट दाबून ठेवा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. काहींमध्ये फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण धरून ठेवावं लागतं. या अवस्थेत फोनसोबत आलेलीच अ‍ॅप चालतात, तुम्ही टाकलेली सगळी झोपतात. कॉल येतात, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. एक रात्र तसाच ठेवा. सकाळी फोन पटकन उठला, तर दोष टाकलेल्या अ‍ॅपचा. रिस्टार्ट करून नेहमीच्या अवस्थेत या आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास टाकलेली अ‍ॅप एकेक काढत चला. सेफ मोडमध्येही अडकला तर दोष आतला आहे, अ‍ॅप काढत बसू नका.

इथे एक गोष्ट गंभीर आहे. पडदा बंद असतानाही फोन गरम लागतो, डेटा संपतो, बॅटरी उतरते आणि फोन अडकतो, हे सगळं एकत्र असेल तर आठवा, मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एखादी 'एपीके' फाईल उघडली होती का? पीएम किसानचा हप्ता, वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका अशा नावांनी या फाईली फिरतात. त्या आत बसून मेसेज वाचतात आणि बँकेचा ओटीपी पळवतात. असा संशय आला तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. फोन दुरुस्त करायचं नंतर बघता येईल.

बॅटरीचंही वय असतं. तीन-चार वर्षांची बॅटरी ४० टक्के दाखवते आणि एकदम मान टाकते. झोपेतून उठताना फोन क्षणात जास्त वीज मागतो, जुनी बॅटरी ती देऊ शकत नाही आणि फोन तिथेच विझतो. चार्जरला लावलेला असताना नीट उठतो आणि काढल्यावर नाही, असं असेल तर बॅटरी बदला. पडदा कडेनं वर आलेला किंवा पाठ फुगलेली दिसली तर तो फोन वापरू नका, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. फुगलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते.

उन्हाळ्यात दुचाकीच्या हँडलवर फोन लावून हायवेनं नागोठण्याला जाणाऱ्यांनी तो सावलीत थंड होऊ द्यावा, मग बटण दाबावं. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं.

पावसाळा आला की

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. फोन पाण्यात पडलाच पाहिजे असं नाही, ओल्या खिशातला दमटपणाही चार्जिंगच्या तोंडातून आत जातो. तोंड ओलं असताना चार्जर लावू नका. फोन बंद करा, तोंड खाली करून हलके झटका, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. तांदळात ठेवायचा उपाय मात्र सोडून द्या. तांदळाचे बारीक कण तोंडात जाऊन नुकसान होऊ शकतं, असं ॲपलनंही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं आहे.

याच चार महिन्यांत फोन जागा राहणं सगळ्यात गरजेचं असतं. कुंडलिका डोलवहाळ बंधाऱ्यावर २३ मीटरला पोचली की इशारा पातळी आणि २३.९५ मीटरला धोका पातळी. हे निरोप आता फोनवरच येतात. टॉवरवरून परिसरातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी मोठ्या आवाजात इशारा पाठवायची व्यवस्था देशात आली आहे, २०२३ मध्ये तिच्या चाचण्यांचे भोंगे आपल्या फोनवरही वाजले होते. तिला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबरही लागत नाही. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधून सगळी बटणं चालू ठेवा. पण अडकलेल्या फोनवर हा भोंगाही वाजणार नाही. त्यामुळे ज्याचा फोन असा त्रास देतो, त्यानं पावसाचा जोर असताना रोज झोपण्यापूर्वी फोन एकदा रिस्टार्ट करून पिन टाकून उघडून ठेवावा. याला उपाय म्हणता येत नाही, पण रात्र निभावते.

आणि एकाच स्मार्टफोनवर अख्खं घर अवलंबून ठेवू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लाईट आणि टॉवर गेल्यावर काय हाल झाले ते या जिल्ह्यानं पाहिलं आहे. टॉवर गेले की कुठलाच फोन चालत नाही, पण लाईट गेली आणि टॉवर चालू असला तर बटणांचा साधा फोन चार-पाच दिवस पुरतो. ४जी चालणारा साधा फोन म्हाताऱ्या माणसांजवळ असू द्या. १०८ ची ॲम्ब्युलन्स त्यावरूनही बोलावता येते.

दुकानात देताना

वरचं सगळं करूनही फोन अडकत असेल तर शेवटी रीसेट मारावा लागतो, त्यात फोन कोरा होतो. आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. फोनमध्ये कोणतं जीमेल खातं आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे कागदावर लिहून ठेवा. आपल्याकडे फोन घेताना दुकानदार स्वतःच खातं उघडून देतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. काळ्या पडद्यावरच्या यादीतून रीसेट मारला तर फोन नंतर तेच जुनं खातं मागतो. ते आठवलं नाही तर चांगला फोन नुसता ठोकळा होऊन बसतो.

देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोनपे, गूगल पे, बँकेचं अ‍ॅप काढून टाका, नंतर पुन्हा टाकता येतं. पिन सांगायलाच लागली तर काम झाल्यावर बदला. 'डिस्प्ले बदलावा लागेल' असं कोणी म्हणालं तर विचारा, रिंग दिल्यावर फोन वाजतो का? वाजत नसेल तर डिस्प्ले बदलून काय होणार! बॅटरी किंवा डिस्प्ले बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि बिलावर लिहून घ्या.

परत घेताना चालू फोन बघून लगेच निघू नका. सिम घाला, पडदा बंद करा, चार्जर न लावता पंधरा-वीस मिनिटं तिथेच ठेवा. तोवर चहा घ्या. मग दुसऱ्या फोनवरून रिंग द्या आणि वाजला, पडदा लागला, तरच पैसे द्या.